हाकारी मका

सोमवारी सकाळी डबीनं पुन्हा शून्य दाखवलं. सलग आठवा दिवस.

मी विट्याच्या स्टँडसमोर चहा घेत उभा होतो. फोन खिशात ठेवला, परत काढला, परत बघितला. आपण सारखं बघत राहिलो तर आकड्याला दया येईल, अशी माझी काहीतरी समजूत आहे. माझं नाव धैर्यशील. घरच्यांनी हौसेनं ठेवलं आणि मी जन्मभर त्याची अब्रू घालवत आलोय. साधा मिस्ड कॉल दिसला तरी मी फोन पालथा घालून ठेवतो.

डबी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. वर सौरपट्टी, आत कॅमेरा. शेताच्या बांधावर काठीला बांधायची. समोरून उडणारा किडा कोणता, हे ती ओळखते आणि मोजते. बियाणं कंपनीचा क्षेत्र अधिकारी म्हणून अशा दीडशे डब्या माझ्या ताब्यात होत्या, पण त्यातली एकच माझी झोप उडवत होती. करंजओढ्याला माझ्या बहिणीच्या मक्याशेजारी ती लावलेली होती. खरं तर ती शेजाऱ्याच्या रानासाठी होती. शेजाऱ्याचा मका कापून झाला तरी मी ती काढायला विसरलो. म्हणजे, विसरलो असं कंपनीला सांगितलं होतं.

ती मोजत होती एक काळी, बारीक गांधीलमाशी. डासाहूनही लहान. गावात तिला नुसतं बारकी माशी म्हणतात.

मक्याच्या पानाला अळी चावली की मका गप्प बसत नाही. अळीची लाळ जखमेला लागली की पानातून एक वास सुटतो. आपल्या नाकाला तो फारसा कळत नाही, पण बारक्या माशीला लांबून कळतो. ती त्या वासाच्या मागं येते, अळी शोधते आणि तिच्या अंगात अंडी घालते. आठवड्याभरात माशीची पिल्लं अळी पोखरून बाहेर येतात आणि पानावर कापसासारखे पांढरे कोष विणतात. अळी मरते, मका वाचतो. मक्यानं हाक मारायची आणि माशीनं ओ द्यायची, हा व्यवहार माणूस शेती शिकायच्या आधीपासूनचा आहे.

पुढं माणसानं जास्त दाणा आणि जास्त उंची बघत संकरित वाण काढले. त्या निवडीत बऱ्याच वाणांची ही हाक विरून गेली. फवारणी होती, म्हणून तिची उणीव कुणाला भासली नाही. मग लष्करी अळी औषधाला दाद देईनाशी झाली, आणि आमच्या कंपनीनं हरवलेली हाक मक्यात परत घातली. फरक एवढाच केला, की मूळ मका चावल्यावर हाक मारायचा, आमचा मका उगवल्यापासून कापेपर्यंत, अळी असो नसो, चोवीस तास हाक मारायचा. नाव ठेवलं ‘हाकारी’.

पहिल्या वर्षी तर चमत्कार झाला. फवारणीचे पंप गोठ्यात धूळ खात पडले. करंजओढ्यानं मला फेटा बांधला. दुसऱ्या वर्षी गावातला जवळजवळ सगळा मका हाकारी होता, कारण बियाणं ‘कांचनच्या भावानं’ आणलेलं होतं. कांचन म्हणजे माझी अक्का. गावाचा तिच्यावर विश्वास, आणि मी तो विश्वास पोत्याबरोबर विकला.

स्वतः अक्कानं मात्र हाकारी घेतला नाही.

ती आणि निवासदाजी दोन एकर सेंद्रिय मका करतात. त्यातला काही दाण्यासाठी ठेवायचा, बाकीच्याचा मुरघास करायचा, म्हणजे हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद मुरवायचा. त्यावर त्यांच्या सात गाई वर्षभर जगतात. वाण तिचा स्वतःचा. बारा वर्षांपूर्वी आटपाडीच्या बाजारात एका मेंढपाळ बाईकडून तिनं पायलीभर पांढरा मका घेतला होता. तेव्हापासून दरवर्षी कापणीआधी ती रानात फिरते आणि चांगल्या धाटांना लाल धागा बांधते. धागा असलेल्या कणसांचंच बी पुढच्या साली पेरायचं. कणीस टोकापर्यंत भरलेलं पाहिजे आणि दाणा पिकला तरी धाट हिरवं पाहिजे, म्हणजे माणसाचंही भागतं आणि गाईचंही.

धागा बांधायला मी दरवर्षी जायचो. ती एका ओळीनं, मी शेजारच्या ओळीनं. मी बांधलेला धागा तिनं कधी मागं वळून बघितला नाही. फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजायचं. ती मुद्दाम अळीनं चावलेल्या धाटांना धागा बांधायची. मी कृषी पदवीधर. म्हणायचो, “अक्का, बक्षीस पास झालेल्या पोरांना देत्यात. नापासांना न्हाई.”

ती म्हणायची, “आरं, चावा बसून पण उभं हाय ते. न चावलेल्याचं काय कवतिक? त्याला अळी गावलीच नसंल.”

मी हसायचो. पुस्तकात निरोगी धाट निवडा असं लिहिलेलं होतं.

गेल्या वर्षी वाऱ्यानं शेजारच्या हाकारीचे परागकण तिच्या कणसांवर आणून टाकले. तपासणीत हाकारीचा अंश निघाला. अक्कानं ते सगळं पीक कोंबडीखाद्याला देऊन टाकलं आणि आदल्या वर्षीचं डब्यात राखून ठेवलेलं बी काढलं. बारा वर्षांच्या धाग्यांचं तेवढंच उरलं होतं. परत पराग येऊ नये म्हणून तिनं यंदा पेरणी महिनाभर उशिरा केली. शेजाऱ्यांचा मका फुलून गेल्यावर तिच्या मक्याला तुरे आले. पराग टळला. पण सगळ्यांचा मका कापून झाला आणि पंचक्रोशीतल्या लष्करी अळीला हिरवं खायला एकच रान उरलं.

आणि माश्या शून्य.

*

दुपारी मी रानात पोचलो तेव्हा दाजी कुट्टी मशीनपाशी होते. चार धाटं घालून त्यांनी कुट्टी काढली होती. मूठभर घेऊन त्यांनी करकचून दाबली. बोटांतून पाणी गळालं.

“बघ,” ते मला म्हणाले. “दाणा अजून दुधात हाय. आत्ता मुरघास केला तर निम्मं पाणीच. आंबट वास मारंल.”

“मग थांबा की अजून तीन आठवडे.”

“थांबून काय करू? पानं चाळणी झाल्यात. कणसाच्या शेंड्यात अळी शिरलीया. तीन आठवड्यांनी काठ्या ऱ्हातील उभ्या.” त्यांनी कुट्टी खाली टाकली. “गुरुवारी मोठं मशीन सांगितलंय. पाणी तर पाणी. जनावरं उपाशी तर न्हाई मरणार.”

अक्का बांधावर बसून एक कणीस सोलत होती. दाण्यात नखानं टोचलं की पांढरा चीक उडत होता. असल्या दाण्याचं बी होत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

“गुरुवारी कापलं की बी गेलं,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, “धैर्या, तू शिकलायस. माश्या खरंच मेल्या का रं सगळ्या?”

“चौकशी करतो,” मी म्हणालो. मी एक गोष्ट केली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती.

कंपनी हाकारीबरोबर गंधवड्या विकते. डांबरगोळीसारखी पांढरी वडी, जाळीच्या पिशवीत. तिच्यातून हाकारीचाच वास दोन महिने सुटत राहतो. नऊ दिवसांपूर्वी, अक्का आणि दाजी डेअरीच्या बैठकीला गेले असताना, मी तिच्या रानात शिरलो आणि अशा चाळीस वड्या धाटांना बांधल्या. आत, मधोमध, कुणाला दिसणार नाहीत अशा. विष नाही, औषध नाही, वासच तर आहे, असं मी स्वतःला समजावलं. माश्या थोड्याच येत होत्या; तिचा मका एकटा हाका मारून दमला असेल, आपण जरा मोठ्यानं ओरडू. भावानं बहिणीसाठी एवढं करू नये का?

तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नाही.

*

मंगळवारी सकाळी मी डॉ. मुल्लांना फोन लावला. मेहजबीन मुल्ला आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत कीटकांचं काम बघायच्या. कंपनीत सरळ उत्तर देणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

“मॅडम, खानापूर पट्ट्यातल्या माश्या मेल्या का?”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“मेल्या नाहीत, धैर्यशील. शेजारच्या ज्वारीत आहेत, गवतात आहेत. फक्त हाकारीकडं येत नाहीत. मी दोन फाट्यांच्या काचेच्या नळीत माश्या सोडल्या. एका फाट्यात हाकारीचा वास, दुसऱ्यात साधी हवा. शंभरातल्या नव्वद साध्या हवेकडं गेल्या.”

“का पण?”

“माशी शिकते. वास आला, गेली, अळी मिळाली, की तो वास तिच्या लक्षात राहतो. चारदा गेली आणि काहीच मिळालं नाही, तर तो वास तिच्या लेखी खोटा. आपला मका चोवीस तास ओरडतो आणि दहातल्या नऊ पानांवर अळीच नसते. शिवाय ज्या माश्या त्या वासामागं धावत राहिल्या त्या अंडी न घालताच मेल्या. ज्यांनी दुर्लक्ष केलं, त्यांचीच पिल्लं वाढली. वर्षाला वीस पिढ्या, तीन वर्षं. हिशेब तुम्हीच करा.”

मला लहानपणची लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवली. मी फोनवर तसं म्हणालोही.

“अगदी तेच,” त्या म्हणाल्या. “फरक एवढाच, की इथं पोरगं खोटं बोलत नव्हतं. आपण त्याला बोलायला लावलं.”

“आणि जुना मका? चावल्यावरच हाक मारणारा?”

“खऱ्या जखमेच्या वासात आठ-दहा वास मिसळलेले असतात. आपला एकसुरी आहे. माशीला फरक कळतो. जुना मका कुठं शिल्लक असेल, तर त्याला ती अजून ओ देईल असं मला वाटतं. खात्रीनं नाही सांगत. फक्त जवळपास हाकारी नको. आणि गंधवड्या तर मुळीच नकोत. वडीच्या पन्नास पावलांत माशी फिरकत नाही.”

मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

“धैर्यशील? ऐकताय ना? हे बाहेर बोलू नका. मी लेखी कळवलंय, पण हंगाम संपेपर्यंत गप्प बसा असं वरून उत्तर आलंय.”

म्हणजे अक्काचा मका दहा दिवस खरी हाक मारत होता आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबून उभा होतो.

*

बुधवारी सकाळी सहालाच मी करंजओढ्याला गेलो. कुणी यायच्या आत वड्या काढायच्या आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात होतं. रानात पोचलो तर अक्का आधीच होती. पानांवरच्या अळ्या हातानं वेचून डब्यात टाकत होती. दोन एकर रान, आणि ती एकेक अळी वेचत होती.

“बरं झालं आलास,” ती म्हणाली. “आज शिवारफेरी हाय आमची.”

मी ते साफ विसरलो होतो.

सेंद्रियचा शिक्का या भागात बाहेरचा साहेब येऊन देत नाही. पाच-पाच घरांचे गट आहेत. वर्षातून एकदा पाची घरं मिळून प्रत्येकाच्या रानातून फिरतात, ठरलेले प्रश्न विचारतात, आणि मालक सगळ्यांसमोर शपथ घेऊन सही करतो. मग बाकीची चार घरं त्याच्यासाठी सही करतात. एकानं खोटं केलं तर पाचांचाही शिक्का जातो. पुण्याला जाणारं त्यांचं दूध याच सह्यांवर सेंद्रिय म्हणून जातं.

दहा वाजता मंडळी आली. गटाचे म्होरके हणमंतबापू पुढं, हातात वही. मागं बायका-माणसं मिळून पंधराएक जण. मी शेवटी. ते बांधाबांधानं निघाले, मग एका ओळीतून आत शिरले. दोन ओळी पलीकडं पहिली वडी लटकत होती. बापू एका फाटक्या पानाशी थांबले, चुकचुकले, आणि पुढं गेले. कुणी काही बघितलं नाही.

बांधावर परत आल्यावर बापूंनी वही उघडली.

“कांचन, बाहेरचं खत?”

“न्हाई.”

“फवारणी?”

“न्हाई.”

“कंपनीचं काय बी रानात आणलंय का? बी, औषध, आणि दुसरं काय?”

“न्हाई,” अक्का म्हणाली. एक क्षणही न थांबता. तिनं पेन हातात घेतलं.

मी गप्प बसू शकत होतो. सगळे गेल्यावर वड्या काढल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण उद्या मशीन येणार होतं. माश्या जिवंत आहेत, मका कापू नकोस, हे सांगायचं तर त्या इतके दिवस का आल्या नाहीत तेही सांगावं लागणार होतं. आणि ती समोर माझ्या खोट्यावर सही करत होती.

“अक्का, थांब,” मी म्हणालो. “सही करू नगंस.”

सगळं सांगितलं. वड्या, डॉक्टर, काचेची नळी, कंपनीचं गप्प बसा. मागं कुणीतरी फोन वर धरून टिपत होतं, ते मला दिसलं, तरी मी थांबलो नाही.

अक्कानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते बापूंना परत दिलं.

बापू चाचरत म्हणाले, “कांचन, वडीच हाय म्हण की. काढून टाकू. पोरानं मायेनं केलंय. आपल्यातच ऱ्हाईल ही गोष्ट.”

“पाच घरांची सही हाय बापू ती,” ती म्हणाली. “यंदा माझं रान वगळा. दूध मी वेगळं घालीन. माझ्यापायी तुमचं नगं जायाला.” मग माझ्याकडं न बघता विचारलं, “किती?”

“चाळीस.”

“चल, दाव.”

*

शिवारफेरीला आलेले सगळे परत रानात शिरले, या वेळी वड्या शोधायला. मला वाटलं होतं, मला जागा पाठ आहेत. पण अकरा दिवसांत धाटं वाढली होती, पानं एकमेकांत गेली होती, आणि भीतीनं बांधलेल्या गाठी कुठं बांधल्या ते डोक्यात राहत नाही. दुपारपर्यंत एकतीस सापडल्या. तीन वाजेपर्यंत एकोणचाळीस.

चाळिसावी सापडेना.

लोक पांगले. अक्का, दाजी आणि मी तिघंच राहिलो. मक्याची पानं हाताला, मानेला कापत होती. “एकानं काय हुतंय?” दाजी म्हणाले. पन्नास पावलं, मी म्हणालो. मधोमध असली तर निम्मं रान गेलं. ते परत वाकले.

सूर्य कलताना अक्काला ती सापडली. दोरी तुटून वडी पानाच्या बेचक्यात पडली होती, तिथं साठलेल्या दवाच्या पाण्यात अर्धी विरघळली होती. अक्कानं ते धाटच मुळासकट उपटलं आणि ओढ्यापलीकडं नेऊन पुरलं. मी मागं मागं गेलो. तिनं मला फावड्याला हात लावू दिला नाही.

घरी परतताना दाजींनी विचारलं, “येतील माश्या?”

“डॉक्टर म्हणत्यात, येतील. चार-पाच दिवस.”

“आणि न्हाई आल्या तर?”

“तर मुरघास पण जाईल आणि बी पण.”

“मशीनवाल्याला विचारतो,” दाजी म्हणाले. मशीनवाल्याची पुढची पाळी सोमवारी होती. सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं. ठरवलं अक्कानं, पण दाजींनी नाही म्हटलं नाही, हे मी विसरणार नाही.

*

गुरुवार शून्य. शुक्रवार शून्य.

शनिवारी कंपनीचे दोघं जण आले. माझं बोलणं गावाबाहेर पोचलं होतं. त्यांनी कंपनीचा फोन घेतला, गाडीची चावी घेतली, बांधावरची डबी काठीसकट उपटून नेली. नोकरी गेली याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला वाटली ती डबी गेल्याची भीती. आता कळणार कसं?

“डोळं हायत की,” अक्का म्हणाली. बुधवारनंतर ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

रविवारी सकाळपासून आम्ही ओळीओळीनं पानं बघत होतो. अळ्या होत्याच. कालच्यापेक्षा जास्त होत्या. प्रत्येक पानामागं मला उद्याचं मशीन ऐकू येत होतं, आणि मशीन आलंच तर ते माझ्यामुळं, हेही. अकराच्या सुमारास मी तिला म्हणणार होतो, की अक्का, कापून टाक, निदान गाई तरी... तेवढ्यात तीच म्हणाली, “हालू नगंस.”

ती एका पानासमोर श्वास रोखून उभी होती. मी हळूच मान पुढं केली. पानाला ताजं भोक पडलेलं. भोकाच्या कडेवर काजळाच्या कणाएवढं काहीतरी चालत होतं. पुढं दोन मिशा, सारख्या थरथरत होत्या. ते थांबलं, वळलं, कोवळ्या अळीच्या पाठीवर चढलं, आणि शेपटीकडून वाकलं. अळीनं अंग झटकलं.

“टोचली,” अक्का कुजबुजली.

“एकच हाय.”

“एक न्हाई, धैर्या. खाली बघ.”

खालच्या पानावर दोन होत्या. पलीकडच्या धाटावर एक. आम्ही मोजत गेलो आणि सव्वीसनंतर आमची मोजणी चुकली. अक्कानं तिथंच सरीत फतकल मारली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी उभाच राहिलो. जवळ बसायचा हक्क आपल्याला आहे का, हे मला कळेना.

सोमवारी मशीन आलं, तेव्हा अक्कानं कडेच्या दहा-बारा ओळी तेवढ्या कापू दिल्या. त्यांचा पाणचट मुरघास दाजींनी कडबा मिसळून सावरला. मधलं रान उभं राहिलं. आठवड्याभरानं पानांवर पांढरे कोष दिसायला लागले.

त्यानंतर डॉ. मुल्ला एकदा येऊन गेल्या, स्वतःच्या खर्चानं, स्वतःचं यंत्र घेऊन. त्यांनी चावलेल्या आणि न चावलेल्या धाटांचे वास मोजले. “हा मका चावा बसल्याशिवाय तोंड उघडत नाही,” त्या म्हणाल्या, “पण बसला की असा बोलतो, की मी दुसऱ्या कुठल्या वाणात असं बघितलेलं नाही. कसा निवडलात?”

अक्कानं चावलेल्या धाटांचं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडं बघून हसल्या. मी जमिनीकडं बघितलं.

*

मका पिकला त्या दिवशी अक्कानं दाजींच्या फोनवरून मला निरोप धाडला. “धागा बांधायचाय. ये.” त्या दोन वाक्यांचा अर्थ लावत मी दोन तास एसटीत घालवले.

रानात पोचलो तर ती बांधावर बसली होती, मांडीवर लाल धाग्याची लडी. कणसं वाळत आली होती आणि धाटं खालपर्यंत हिरवी होती.

“अक्का,” मी म्हणालो, “रागावलीयास अजून?”

“राग कवाच गेला,” ती म्हणाली. लडीतला धागा दातानं तोडून तिनं माझ्या हातात दिला. “माशीला चार दिस लागलं परत यायला. मी माणूस हाय. मला जास्ती लागतील.”

मी माझ्या नेहमीच्या ओळीत शिरलो. ती शेजारच्या ओळीत येईल म्हणून थांबलो. ती आली नाही. माझ्याच ओळीत, माझ्या मागं उभी राहिली.

मी पहिलं चावलेलं धाट शोधलं. कणीस दाबून बघितलं, टोकापर्यंत भरलेलं होतं. खालची पानं हिरवी होती. धागा बांधला आणि पुढं सरकलो. मागं ती त्या धाटाशी थांबली. पानं उलटून बघितली, कणीस दाबलं, गाठ ओढून बघितली. मग पुढच्या धाटाशी आली.

तिसऱ्या धाटाचा धागा तिनं सोडला आणि तो परत माझ्या हातात दिला.